नानांची अर्धी मॅच

दिवाळीचे कंदील उतरले की भांडुपला आमच्या वाडीत टिकावाचा आवाज यायचा. कबड्डीचं मैदान खणायला घेतलं याची ती वर्दी. वरची घट्ट माती सैल करायची, खडे वेचायचे, चाळलेली लाल माती पसरायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, आणि माती अर्धवट सुकली की वर पांढऱ्या फक्कीने रेषा आखायच्या. संध्याकाळी त्या ओल्या मातीचा गारवा घरांच्या उंबऱ्यापर्यंत सरकत यायचा. लोक पावसातल्या मातीच्या वासाचं कौतुक करतात. माझ्या नाकात मातीचा वास बसलाय तो डिसेंबरचा, घामाचा आणि निलगिरीच्या तेलाचा.

आता टिकाव वाजत नाही. टेम्पोतून मॅटचे निळे-पिवळे तुकडे येतात, एकमेकांत अडकवले की तासाभरात मैदान तयार. गुडघे फुटत नाहीत, कपडे मळत नाहीत. चांगलंच आहे. मी तक्रार करणाऱ्यांतली नाही. मुलुंडला राहते, विमा कंपनीत अधिकारी आहे, आणि वाडीतली पहिली पदवीधर आहे. हे शेवटचं मी कोणी न विचारताही सांगते, कारण ते मिळवायला मला काय पडलं ते मला ठाऊक आहे. पण दरवर्षी थंडी पडली की माझी पावलं आपोआप भांडुपकडे वळतात. बाबा अजून तिथेच राहतात. चाळीच्या जागी इमारत झाली, बाबा चौथ्या मजल्यावर गेले, आणि खिडकीतून मैदान बघत बसतात.

यंदा मात्र रिक्षातून उतरले आणि मैदानाकडे मान वर करून बघवेना. यंदाची स्पर्धा नानांच्या नावाने होती.

नाना म्हणजे यशवंत राऊळ. विमानाचे सुटे भाग बनवणारे कारखानदार. पण हे वाक्य आमच्या वाडीत कोणी असं म्हणणार नाही. वाडीत नाना म्हणजे डावा कोपरा. चढाई करणारा समोरून आत आला की डाव्या टोकाला जो माणूस अर्धा वाकून, हात गुडघ्यांपाशी सैल सोडून, निव्वळ त्याच्या घोट्याकडे बघत उभा असायचा, ते नाना. घोटा धरला की संपलं. आणि उजवा कोपरा माझे बाबा, दत्ताराम. दोघं एकाच चाळीत वाढलेले, दोघांचे वडील एकाच गिरणीत. बाबा बाद होऊन बाहेर बसले की नाना काही वेळातच कुणाचा तरी घोटा पकडायचे आणि बाबांना परत आत आणायचे. कबड्डीत तसंच असतं. बाद झालेला माणूस स्वतःहून परत येऊ शकत नाही, आतल्या साथीदाराने गुण मिळवला तरच तो उठतो. बाबा म्हणायचे, मी जेवढा खेळलो त्यातला अर्धा खेळ नान्याने दिलेला आहे.

आमच्या मातीच्या मैदानावर आणखी एक रीत होती. धूळ एवढी उडायची की स्पर्श झाला का नाही हे पंचांना प्रत्येक वेळी दिसायचं नाही. मग ज्याला स्पर्श झाला त्याने आपणहून हात उंचावायचा, "लागलं" म्हणायचं आणि बाहेर चालू पडायचं. सगळेच करायचे असं नाही. नाना नेहमी करायचे. पंच नाही म्हणत असले तरी करायचे. त्यावरून आपल्याच पोरांच्या शिव्याही खायचे.

तर असा हा माणूस शिकला काय, तर आयटीआय. विमानतळाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली आणि मग साकीनाक्याला एका गाळ्यात जुनं लेथ मशीन घेऊन बसला. आधी गाड्यांचे बोल्ट. मग एकदा विमानांच्या देखभालीतला कुणी ओळखीचा माणूस खुर्चीचा मोडका खटका घेऊन आला, असा बनवून मिळेल का म्हणून. नानांनी बनवला, आणि बरोबर तसाच दुसरा बनवून तो स्वतःजवळ ठेवला, दहा हजार वेळा उघडझाप करून बघायला. चाळीच्या गॅलरीत बसून ते तो खटका खटखट वाजवायचे. बायका वैतागायच्या. पुढे मरोळला कारखाना उभा राहिला, विमानाच्या दाराच्या बिजागऱ्या, पंखाच्या आत बसणारे बंद डबे परदेशी जायला लागले, तरी आमची आजी त्यांना "खटकेवालो" म्हणायची.

नाना पहिल्यांदा विमानात बसून आले तेव्हा सगळी चाळ गोळा झाली. ढग कसे दिसतात, जमीन कशी दिसते. नानांनी प्रामाणिकपणे सांगितलं की खिडकीबाहेर बघायचं राहूनच गेलं, डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्याची बिजागरी थोडी कुरकुरत होती, तिकडेच बघत बसलो. कोणीतरी म्हणालं, अरे मग साकीनाक्यालाच बसायचं होतंस, तिकीट कशाला काढलंस?

कारखाना उभा राहिल्यावर त्यांनी वाडीतल्या जवळपास सगळ्या संघाला नोकरीला घेतलं. लोकांनी नावं ठेवली, विमान बनवायचंय की पकडायचंय. नानांचं म्हणणं एवढंच होतं की ज्याला "लागलं" म्हणता येतं तो मला चालतो, बाकीचं काम मी शिकवीन. कारखान्यातही तोच शब्द चालायचा. कुणाकडून भोक तिरकं पडलं, माप चुकलं, की त्याने हात उंचावून "लागलं" म्हणायचं. तो तुकडा बाजूला, लाल चिठ्ठी, संपला विषय. ओरडा नाही. लपवलं तर मात्र नाना बोलायचे, तेही एकच वाक्य: "वर माणसं असतात रे."

बाबा नानांना कंपनीच्या फाटकाच्या आत "साहेब" म्हणायचे आणि मैदानावर "नान्या". यात त्यांची कधी चूक झाली नाही.

मी एकदा बाबांचा डबा द्यायला कारखान्यात गेले होते. तिथे मी तो बोर्ड पाहिला. भिंतीएवढा पांढरा फळा, त्यावर प्रत्येक हत्याराची लाल रंगात काढलेली आकृती आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेलं. पाना, पक्कड, ड्रिल, कानस. हत्यार काढलं की त्याची लाल सावली उघडी पडायची. पाळी संपली की सगळी हत्यारं परत टांगायची, फोरमनने फळ्यावरून नजर फिरवायची आणि ओरडायचं, "बोर्ड भरला." मगच कामगार बाहेर, मगच माल बाहेर. एखादी सावली उघडी राहिली तर ते हत्यार कुठल्यातरी डब्याच्या आत राहिलं असेल असंच धरून चालायचं. मला तेव्हा ते देवघरासारखं वाटलं होतं. घरी येऊन मी आईला तसं म्हणालेही, तर आई म्हणाली, मग तुझ्या बापाला सांग घरातली कात्री तरी जागेवर ठेवायला.

माझं एफ.वाय.चं वर्ष होतं त्या थंडीत. कॉलेजात अकाउंट्सची परीक्षा तोंडावर होती आणि मी गॅलरीत पुस्तक मांडीवर घेऊन खाली मैदानाकडे बघत बसायचे. त्या मोसमात आमचा संघ सुटला होता. पहिल्यांदाच आमच्याच मंडळाच्या स्पर्धेत, आमच्याच मैदानावर, आमचा संघ अंतिम फेरीत. नानांची चाळिशी जवळ आली होती. गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून खेळायचे. हा शेवटचा मोसम असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. सामना संपल्यावर त्यांना खांद्यावरून वाडीभर फिरवायचं, असं पोरांनी ठरवलं होतं. ढोलवाले सांगून ठेवले होते.

शनिवार होता. खेळाडूंना कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीतच सोडलं होतं. तिन्हीसांजेला दिवे लागले. बांबूंची गॅलरी माणसांच्या वजनाने करकरत होती. सामन्याआधी पंचांनी दोन्ही संघांना ओळीत उभं केलं आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येकाची नखं तपासली. कबड्डीत वाढलेलं नख म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर ओरखडा, म्हणून आधी नखं बघतात. बाबांनी दोन्ही हात पुढे केले तेव्हा पंचांनी हसून मान डोलावली. नखं अगदी घासून गुळगुळीत केलेली.

मध्यांतरापर्यंत आम्ही पुढे होतो. नानांनी तीन पकडी केल्या होत्या, त्यातली एक अशी की समोरचा गडी हवेत आडवा झाला आणि गॅलरीतली माझी आजी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मध्यांतरात कारखान्याचा फोरमन स्कूटरवरून आला. त्याला मी गर्दीतून वाट काढताना पाहिलं. तो नानांच्या कानाशी काहीतरी बोलला. नानांनी एकदा मैदानाकडे बघितलं, पंचांपाशी गेले, काही बोलले, शर्ट अंगावर चढवला आणि फोरमनच्या मागे चालायला लागले.

लोकांना आधी कळलंच नाही. मग गॅलरीतून आवाज सुरू झाले. कुणी म्हणालं, दम संपला. कुणी म्हणालं, शेठ लोकांना धंदा आधी. आमच्या वाडीत शंकरमामा म्हणून एक आहेत, तोंडाने फटकळ, ते ओरडले, "नाना, अर्धी मॅच खेळून कप पण अर्धाच घेणार का?" लोक हसले. नानांनी मागे वळून बघितलं नाही.

उत्तरार्धात समोरच्या संघाने आमचा डावा कोपरा फोडून काढला. आम्ही हरलो. ढोलवाले न वाजवता गेले.

नंतर कळलं ते एवढंच, की कारखान्यात काहीतरी हत्यार हरवलं होतं. एक कानस, बोटभर लांब, ड्रिल केल्यावर भोकाच्या कडा घासायची. बाबांच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा गायकवाड म्हणून कामगार होता, त्याच्या नावावरची. गायकवाडला आठवेना, आपण ती शेवटची कुठे ठेवली. सोमवारी जाणारा माल बांधून झाला होता. नानांनी सगळे खोके उघडायला लावले, पंखाचे बंद केलेले डबे रिव्हेट फोडून उघडायला लावले. स्वतः खाली बसून, खेळाच्याच हाफ पँटवर. रविवारही त्यात गेला.

वाडीला यात रस नव्हता. एका कानशीसाठी कोण फायनल सोडतं? वाडीला एवढं कळलं की नाना अर्ध्यातून गेले. त्या दिवसापासून नाव पडलं, अर्धी मॅच. नंतर पुढची कितीतरी वर्षं मंडळाने नानांकडून वर्गणी घेतली, त्यांना स्टेजवर बसवलं, शाल दिली, आणि शाल देताना कोणी ना कोणी माईकवर म्हणायचं, आज पूर्ण कार्यक्रम बसा हं नाना, मध्येच विमान पकडू नका. नाना हसायचे. पोरंसोरं हसायची, ज्यांना का हसायचं तेही माहीत नव्हतं. नाना पुन्हा मैदानात उतरले नाहीत. त्यांना कोणी खांद्यावर घेतलं नाही.

बाबा त्या विनोदाला हसायचे नाहीत. मला वाटायचं, मित्राची बाजू घेतात. त्या काळात मला बाबांचा फार अभिमान होता. कॉलेजातल्या मुली आपले वडील बँकेत आहेत, मंत्रालयात आहेत सांगायच्या, आणि मी ताठ मानेने सांगायचे की माझे वडील विमानाचे भाग बनवतात आणि संध्याकाळी कबड्डी खेळतात.

अजूनही घाटकोपरला कुठे कामाने गेले की मान आपोआप वर जाते. तिथे विमानं उतरताना इतकी खाली येतात की चाकं दिसतात, पोटावरची अक्षरं दिसतात. ऑफिसातल्या पोरी म्हणतात, मॅडम, एवढं काय बघता, रोजचंच आहे. मी बघत असते ते दार. त्या दाराच्या आत कुठेतरी एक बिजागरी, माझ्या बाबांनी जिच्या कडा घासल्या असतील. हे आता माझ्या मनाशीच बोलायचं. मरोळचा कारखाना नानांच्या मुलाने शहराबाहेर हलवला, तिथे काचेची इमारत उभी आहे. पण यंदा मी वर बघितलं तेव्हा मला अभिमान वाटला नाही. दार दिसलं आणि मी नजर खाली घेतली.

नाना शेवटची काही वर्षं वाकोल्याला राहत होते. चांगल्या ठिकाणी घर घेता आलं असतं, पण त्यांना विमानतळाच्या भिंतीजवळच हवं होतं. दर थोड्या वेळाने खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि नानांना त्याचा काही त्रास नव्हता, कारण कान जवळजवळ गेले होते. गेल्या उन्हाळ्यात बाबा म्हणाले, मला नान्याकडे घेऊन चल. मी घेऊन गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती.

नाना पलंगावर उशीला टेकून बसले होते. अंगात काही उरलं नव्हतं, मनगटं तेवढी अजून रुंद. बाबांना बघून म्हणाले, "काय रे दत्ता, उजवा कोपरा उघडा टाकून आलास?" मी नानांच्या सुनेशी स्वयंपाकघरात बोलत होते, पण अर्धं लक्ष बाहेर होतं. बाबा म्हणाले, नान्या, तुझ्याशी एक बोलायचं होतं. त्या फायनलच्या दिवशी, ती कानस... आणि विमान आलं. काचा वाजल्या. विमान गेल्यावर बाबांनी पुन्हा सुरुवात केली, जरा मोठ्याने. नानांनी हात वर करून त्यांना थांबवलं. आणि बाबांचा उजवा हात आपल्या हातात घेतला, बोटं उलटी करून बघितली, पंच बघतात तशी.

"नखं वाढली की रे तुझी," नाना म्हणाले. "आता घासत नाहीस वाटतं."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. मला काही कळलं नाही. मला वाटलं म्हातारपणी भ्रम होतो तसं काहीतरी. नानांनी हात सोडला, सुनेला चहा टाकायला सांगितलं, आणि दाराच्या नव्या प्रकारच्या बिजागऱ्यांविषयी बोलत राहिले. बाबांनी चहा घेतला नाही.

पावसाळ्यात नाना गेले.

ऑक्टोबरात मंडळाचा सेक्रेटरी प्रशांत याचा फोन आला. स्मरणिका काढतोय ताई, नानांचं चरित्र दोन पानांत बसवून दे ना, तुझ्याशिवाय इथे धड मराठी कोण लिहिणार. आणि उद्घाटनाचा नारळ दत्ताकाकांनी वाढवायचा, नानांचे जुने साथीदार म्हणून. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, असं कोणी म्हटलं की मला बरंच वाटतं. मी माहिती गोळा केली, नानांच्या मुलाशी बोलले आणि एका रविवारी लिहायला बाबांकडे जाऊन बसले. त्या फायनलपाशी आल्यावर बाबांना विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं होतं.

बाबा खिडकीशी बसले होते. खाली टेम्पोतून मॅट उतरत होती. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या लक्षात आलं, नखं कापायची राहिली. पंच बघणार. स्वतःची हत्यारं बोर्डवर गेली होती, म्हणून शेजारच्या टेबलावरची गायकवाडची छोटी कानस उचलली आणि नखं घासली. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, चला, टेम्पो निघतोय. कानस नॅपकिनात गुंडाळली गेली, नॅपकिन पिशवीत. बस, एवढंच. मध्यांतरात घाम पुसायला त्यांनी नॅपकिन काढला तेव्हा ती हातात आली, आणि फोरमन कशासाठी आला होता ते त्यांना तिथेच कळलं. नाना तेव्हा गर्दीच्या बाहेर पोहोचले होते. फोरमनची स्कूटर चालू होत नव्हती. बाबांना किकचा आवाज ऐकू येत होता. एक किक, आणखी एक किक. बाबा हातात कानस घेऊन उभे होते. धावत गेले असते तर पोहोचले असते. हाक मारली असती तरी चाललं असतं. पण सगळी वाडी बघत होती, आणि तेवढ्या लोकांसमोर काय म्हणायचं, की कंपनीच्या कानशीने मी नखं घासली? मग स्कूटर चालू झाली. पंचांची शिट्टी वाजली. बाबांनी कानस पिशवीच्या तळाशी सारली आणि उजव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

रविवारी नाना डबे फोडत होते तेव्हा बाबा घरी होते. मला तो रविवार आठवतो. बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपून होते आणि आई म्हणत होती, हरण्याचं एवढं मनाला लावून घेऊ नये.

सोमवारी त्यांनी कानस नानांच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, घरी पिशवी उपसताना मिळाली. नानांनी कानस बघितली. मग बाबांच्या हातांकडे बघितलं. उठले, स्वतः जाऊन ती लाल सावलीवर टांगली आणि म्हणाले, "बोर्ड भरला." त्यापलीकडे कधीच काही नाही. गायकवाडला सांगितलं, मिळाली, तुझी चूक नव्हती. वाडीत कोणी चिडवलं तर हसायचे.

"त्याका सगळा म्हायत होता गो," बाबा म्हणाले. रागात किंवा फार आतून काही आलं की ते मालवणीत बोलतात. "आणि मी लोकांका त्याका पळपुटो म्हणूक दिलंय. इतकी वर्षा."

मी काय केलं? मी शिकलेली. मी आधी दार लोटलं, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मग बाबांना म्हणाले की माणूस गेला, आता उकरून काय मिळणार. वाडीत तुमचा मान आहे. माझंही इथे येणंजाणं आहे. आणि मी लॅपटॉपवर एक वाक्य लिहिलं. मी रोज ऑफिसात दावे नाकारायची पत्रं लिहिते, कोणाला काही लागू नये अशी वाक्यं मला झटकन सुचतात. "कारखान्यातील तातडीच्या कामामुळे नानांना अंतिम सामना अर्धवट सोडावा लागला, परंतु खेळावरील त्यांची निष्ठा अखेरपर्यंत अढळ राहिली." बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"बरा लिवलंस," बाबा म्हणाले. "कायच खोटा नाय."

त्यानंतर मी मुलुंडला परत आले आणि बरेच दिवस भांडुपला गेले नाही. लेख छापायला गेला. प्रशांतचा मेसेज आला, झकास झालंय ताई. मला शब्दांचा फार अभिमान होता. ज्या शब्दांसाठी बाबांनी मला शिकवलं, त्याच शब्दांनी मी बाबांचं तोंड बंद केलं होतं, आणि नानांना पुन्हा एकदा, छापील, गुळगुळीत कागदावर, अर्ध्यातून घालवून दिलं होतं. ही लाज अशी आहे की ती कोणाला सांगून हलकी होत नाही. ऑफिसात पोरी म्हणायच्या, मॅडम, बरं नाही का? मी म्हणायचे, थंडी आहे.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मी खुर्च्यांच्या तिसऱ्या ओळीत बसले. स्टेजवर नानांचा मोठा फोटो, हार, बाजूला नानांचा मुलगा. स्मरणिकेचे गठ्ठे सुटले, हातोहात वाटले गेले. माझ्या शेजारच्या बाईने माझाच लेख उघडून माझ्याच हातात दिला, काय सुंदर लिहिलंयस गं म्हणाली. बाबांना बोलावलं. बाबांनी तो इस्त्रीचा शर्ट घातला होता, वाकोल्याला जाताना घातलेला. शंकरमामा पुढच्याच ओळीत होते, तेही आता काठी टेकतात. सवयीने म्हणाले, दत्ता, पूर्ण नारळ फोड रे, अर्धा नको. थोडे लोक हसले.

बाबांनी नारळ हातात घेतला आणि खाली मॅटच्या कडेला ठेवला. प्रशांतला वाटलं, वाकायला त्रास होतोय. तो पुढे झाला. बाबांनी त्याच्या हातातला माईक मागितला.

"नाना पळूक नाय," बाबा म्हणाले. "ती कानस माझ्या पिशयेत होती. हाफटायमाक माका गावली. नाना अजून हयसरच होतो. मी गप रवलंय."

आवाज मोठा नव्हता, पण स्पीकर नवे होते. शंकरमामांनी मान खाली घातली. नानांचा मुलगा उभा राहिला. आणि मी, तिसऱ्या ओळीत, मांडीवर ती स्मरणिका, माझाच लेख उघडा.

बाबांनी माईक प्रशांतच्या हातात दिला. चपला काढल्या. मॅटवर गेले, उजव्या कोपऱ्यात. तिथे क्षणभर उभे राहिले, डावीकडे बघत. मग हात उंचावला, "लागलं" म्हणाले, आणि मागची रेषा ओलांडून बाद खेळाडू बसतात त्या पांढऱ्या चौकोनात जाऊन, गुडघ्यांवर हात टेकत टेकत, खाली बसले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं उठून त्यांना आणावं. पण तिकडे जायचं तर सगळ्यांच्या समोरून जावं लागलं असतं, आणि मी उठले नाही. नारळ शेवटी नानांच्या मुलाने वाढवला. पंचांनी घड्याळ बघितलं, बाबांकडे बघितलं. खेळाडूंना ओळीत उभं केलं, नखं तपासली. शिट्टी वाजली.

दुसऱ्याच चढाईत आमचा एक तरुण गडी बाद झाला. धापा टाकत चौकोनात आला. बाबा जागा अडवून बसलेले. तो म्हणाला, "आजोबा, सरका ना जरा." बाबा सरकले. तो त्यांच्या शेजारी बसला, दोघंही आत बघायला लागले.

थोड्या वेळाने आमच्या डाव्या कोपऱ्याने घोटा पकडला. पंचांनी हात केला, आणि तो पोरगा उडी मारून उठला, मॅटवर धावला.

बाबा बसून राहिले. त्यांना उठवणारा गडी आत नव्हता.